बासष्ट मार्कांचा पक्ष

मी चौतीस वर्षं पोरांचे पेपर तपासले. त्यामुळे कुणी फार गोड बोलायला लागलं की माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. रावजीशेठना हे ठाऊक होतं. 'खाडीवारा' नावाचं साप्ताहिक ते रत्नागिरीत चालवायचे. मालक तेच, संपादक तेच आणि सायकलवर गठ्ठा घालून अंक वाटणारेही तेच. पंच्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत, विधानसभेचं मतदान तीन आठवड्यांवर आलेलं असताना, ते माझ्या पडवीत येऊन बसले. चहा घेतला आणि सहा पक्षांचे जाहीरनामे माझ्या पुढ्यात टाकले.

"बाई, ह्यांचं प्रगतिपुस्तक काढा," म्हणाले. "शंभरपैकी मार्क आणि एकेक शेरा. भाषणं कुणी वाचत नाही, मार्क मात्र सगळे वाचतात."

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि रागवायला समोर वर्ग नव्हता. मी लगेच हो म्हटलं. सत्ताधारी पक्षाला मी एकतीस मार्क दिले आणि शेरा लिहिला, 'मागच्या खेपेचा निबंध, फक्त तारीख बदललेली.' त्यांच्यासमोरच्या मोठ्या पक्षाला अठ्ठावीस. त्यांचं उत्तर बत्तीस पानं चाललं होतं आणि प्रश्न काय होता हे चौथ्या पानावरच विसरायला झालं होतं. बाकीचे तिघे काठावर नापास. ज्या लोकांना आपण राज्य चालवायला पाठवतो त्यांना बंदर या शब्दापुढे दोन धड वाक्यं लिहिता येत नाहीत, हे बघून मला त्या आठवड्यात जेवण गोड लागलं नाही.

शेवटी उरली पिवळ्या कव्हरची सोळा पानी पुस्तिका. मर्यादा पक्ष, निशाणी छत्री, उमेदवार हरिश्चंद्र वकील. पक्ष कसला, वकील आणि त्यांच्या ओटीवर रोज संध्याकाळी बसणारी दहा-बारा माणसं. जुनं ते सगळं चांगलं आणि नवं ते सगळं नासलेलं, एवढंच त्यांचं म्हणणं, पण ते त्यांनी एकवीस कलमांत नीट मांडलं होतं. सिनेमाची चित्रं रस्त्यावर लावू नयेत. मुलींना सातवीनंतर शिवण आणि स्वयंपाक शिकवावा. काडीमोड अवघड करावी. मुलींच्या कलमाशी माझी पेन्सिल मोडली, खरंच मोडली. मी ब्लेडने टोक काढलं आणि दहा मार्क कापले.

पण पहिलं कलम असं होतं: 'दारूबंदी कागदावर नको. बंदराच्या मागची भट्टी निवडून आल्यापासून एक महिन्याच्या आत बंद करू.'

बंदराच्या मागची भट्टी. नाव-ठिकाणासकट. हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. त्या भट्टीवर दोन वर्षांपूर्वी जानू मेला होता. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता, गणितात पहिला, पुढे होडीवर गेला आणि बाविसाव्या वर्षी भट्टीवरचं काहीतरी नासकं पिऊन किनाऱ्यावर उताणा सापडला. त्यानंतर मी सात अर्ज केले. सातही अर्जांवर मला 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं उत्तर आलं आणि भट्टीला एक नवं छप्पर आलं. मोठ्या पक्षांच्या जाहीरनाम्यांत दारूबद्दल एक अक्षर नव्हतं. कारण सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आणि चौदावं कलम असं होतं: 'मासळीबाजारातील ओटे व परवाने कुटुंबप्रमुख पुरुषाच्या नावे करण्यात येतील. मातृशक्तीला बाजाराच्या चिखलातून सोडवून घरात सन्मानाने बसवले जाईल.'

ज्यांना आमचं बंदर माहीत नाही त्यांना यातली गोम कळायची नाही. आमच्याकडे मासे पुरुष धरतो, पण किनाऱ्याला होडी लागली की त्याचं काम संपलं. लिलावात बोली बायकांची, ओट्यावर भाव बायकांचा, पदराच्या गाठीला पैसे बायकांचे. सासूचा ओटा सुनेकडे जातो, आईचा लेकीकडे. बाजारात पुरुष येतो तो बर्फाची लादी टाकायला. घरात चूल पेटते, पोरं शाळेत जातात आणि आजाऱ्याला डॉक्टर दिसतो तो त्या सिमेंटच्या चार फुटी ओट्यामुळे. तो नवऱ्याच्या नावावर गेला की पहिल्या आठवड्यात भट्टीवर गहाण पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. मी समासात लिहिलं, 'हे लिहिणाऱ्याने आपल्या आईला विचारलं होतं का?' आणि पंधरा मार्क कापले.

इतकं कापूनही बेरीज बासष्ट झाली. भट्टीच्या कलमाला मी पैकीच्या पैकी दिले होते, शिवाय वरती ठळक अक्षरांत 'उत्तम'.

रावजीशेठ म्हणाले, "छत्रीला पाच ओळी पुरेत. डिपॉझिट जाणार आहे त्याचं."

पाच ओळींत मी भट्टीबद्दल लिहिलं. चौदाव्या कलमाबद्दल एक ओळ त्यात बसली असती. जागा नव्हती असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं, पण जागा होती. भट्टी बंद व्हायला हवी होती आणि त्यापुढे मला दुसरं काही नको होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. 'खाडीवारा' वाचून मत देणारी माणसं रत्नागिरीत असतील शंभरभर. पण सकाळचा बाजार ओसरला की साडेदहाच्या सुमाराला मी मासळीबाजारात जायचे, गुणवंतीच्या ओट्याच्या कडेला पाट टाकून बसायचे आणि बायकांना पेपर वाचून दाखवायचे. नोकरीत असताना रविवारी जायचे, निवृत्त झाल्यावर रोज. गुणवंती जानूची थोरली बहीण. तीही माझीच विद्यार्थिनी, चौथी पास. अक्षर सुरेख, पण हात सतत माशांत, त्यामुळे वाचायचं काम माझ्याकडे. बाईंनी वाचलं म्हणजे ते खरं, अशी त्या बाजारात रीत पडली होती. मला त्याचा अभिमान होता, हेही सांगून टाकते.

त्या बुधवारी मी पिवळी पुस्तिका घेऊन गेले. पहिलं कलम वाचलं. गुणवंतीचा कोयता हातातल्या हातात थांबला.

"परत वाचा, बाई," ती म्हणाली.

मी परत वाचलं. पलीकडच्या ओट्यावरच्या कमळेने आपल्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं आणि तिसऱ्यांदा वाचायला लावलं. तोवर पन्नास-साठ बायका गोळा झाल्या होत्या. एकेकीच्या घरात भट्टीने काय काय केलं होतं ते मला पाठ होतं. मी पुढे वाचत गेले. मुलींच्या कलमाला त्यांनी नाकं मुरडली, सिनेमाच्या कलमाला हसल्या. तेरावं कलम संपलं. मी वर बघितलं. सगळ्यांची तोंडं अशी उजळली होती की पान उलटताना मी दोन पानं एकदम उलटली.

सोनूबाई म्हणजे बाजारातली सर्वांत वयस्कर बाई, सत्तरीची. तिची नजर घारीची. ती म्हणाली, "मदलं काय ऱ्हायलं काय?"

"नेहमीचंच आहे," मी म्हटलं.

चौतीस वर्षांत पोरांनी मला पुष्कळ थापा मारल्या. इतकी सफाईदार कुणी मारली नव्हती.

त्या बायका नुसत्या 'देऊ मत' म्हणून थांबणाऱ्या नव्हत्या. बंदराच्या टोकाला देवीची घुमटी आहे. होड्या पहिल्यांदा दर्यात लोटताना तिच्यासमोर नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि तिथं दिलेला शब्द मागे घेत नाहीत. ओट्यावर बोललेला भाव या बायका मागे घेत नाहीत, तर देवीसमोरचा शब्द कसा घेतील? त्याच दुपारी सोनूबाईने नारळ ठेवला आणि सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घातलं. "आई, बाईंनी कागद वाचून दावलाय. भट्टी मोडील त्याच्या छत्रीला आमची मतां. ह्यो आमचा शब्द." मागून साठ बायका म्हणाल्या, व्हय म्हाराजा. मी घुमटीच्या पायरीशी उभी होते. मीही म्हटलं.

पुढचे दहा दिवस गुणवंतीने जे केलं ते त्या पक्षाच्या एकाही माणसाला जमलं नसतं. पाटी डोक्यावर घेऊन ती शहरात दारोदार फिरायची. पापलेट विकत घेणाऱ्या प्रत्येक घरात सांगायची, छत्रीला मत द्या. सुरमईच्या तुकड्यांबरोबर मर्यादा पक्ष घरोघरी पोचला. आणि मला रात्री झोप लागेना. मनातल्या मनात मी स्वतःला समजावायचे की चौदावं कलम म्हणजे नुसती शोभा, कोण अमलात आणतोय. समजूत पटली असती तर मतदानाच्या चार दिवस आधी मी हरिश्चंद्र वकिलांच्या घरी गेले नसते.

मला ते कलम काढून टाकायला लावायचं होतं. एक पत्रक छापा, म्हणणार होते, चौदावं कलम रद्द. मग माझं न वाचणंही आपोआप मिटणार होतं.

वकिलांनी मला मानाने खुर्ची दिली. आवाज मऊ, धोतर इस्त्रीचं. "विमलाबाई, तुमच्यासारख्या विदुषीने आम्हाला प्रथम वर्ग दिला, आमचं भाग्य," म्हणाले.

"भट्टी महिन्यात बंद होणार ना?" मी विचारलं.

"आमची तळमळ तीच आहे. आता विषय सरकारचा, खातं मुंबईत, एकटा आमदार तो काय करणार? पण आम्ही आवाज उठवू."

"महिन्याच्या आत असं लिहिलंय तुम्ही."

"जाहीरनाम्यात भावना असते, बाई. तुम्ही भाषेच्या शिक्षिका, तुम्हाला का सांगायला हवं?"

"मग चौदावं कलम? तीही भावनाच?"

"छे," वकील म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव आला. "ते तर होण्यासारखं आहे. त्याला मुंबईला जावं लागत नाही. नवऱ्याने अर्ज केला, बायकोची हरकत आली नाही, की परवाना बदलून मिळू शकतो. आम्ही निवडणुकीची वाटसुद्धा पाहिलेली नाही. भागोजी, बाईंना दाखव."

भागोजी त्यांचा कार्यकर्ता, आनंदी चेहऱ्याचा माणूस. त्याने कपाटातून गठ्ठा काढला. छापील अर्ज होते. 'माझी पत्नी अमुक हिच्या नावचा ओटा क्रमांक तमुक माझ्या नावे करावा.' खाली सही नाहीतर अंगठा. अडतीस अर्ज. वरून सहावा आनंदाचा होता, गुणवंतीच्या नवऱ्याचा. सही वाकडीतिकडी, शेवटचं अक्षर कागदाच्या कडेवरून खाली घसरलेलं.

"फार खटपट पडली असेल," मी म्हटलं.

"नाय हो," भागोजी म्हणाला. "बावीस तर एका संध्याकाळीच झाले. सगळी एकाच जागी गावली."

"कुठे?"

"भट्टीवर. आनखी कुठं गावणार ती?"

वकिलांनी खिडकीबाहेर बघितलं. "भागोजी, चहाचं बघ," म्हणाले.

दारूबंदी मागणाऱ्या पक्षाने दारूच्या भट्टीवर बसून, शुद्ध हरपलेल्या नवऱ्यांकडून बायकांचे ओटे लिहून घेतले होते. वरून त्याला सन्मान म्हणायचं. पहाटे चारला उठून बर्फात हात घालणाऱ्या बाईला हा इस्त्रीच्या धोतरातला माणूस सन्मान शिकवणार. मला त्याची चीड आली, आणि त्या बासष्ट मार्कांची त्याहून जास्त.

"वकीलसाहेब, मी तुमचे मार्क मागे घेते," मी म्हटलं.

"छापून आलेत, बाई," ते हसून म्हणाले.

तिथून मी तडक 'खाडीवारा'च्या छापखान्यात गेले. रावजीशेठ छपाईच्या खिळ्यांच्या पेटीपाशी उभे होते. दुरुस्ती छापा म्हटलं तर म्हणाले, पुढचा अंक मतदानानंतर. एक पानी पत्रक काढा म्हटलं तर म्हणाले, सगळी यंत्रं उमेदवारांच्या पत्रकांत अडकली आहेत. "आणि डिपॉझिट जाणाऱ्या माणसासाठी तुम्ही एवढं रक्त का आटवताय?"

"तो पडला तरी ते अर्ज पडत नाहीत," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की बाहेर कागद कापणारा माणूस डोकावून गेला. रावजीशेठना हे कळलं असं मला वाटत नाही. त्यांच्या घरी बायकोच्या नावावर काही नव्हतं, त्यामुळे जाण्यासारखंही काही नव्हतं.

मग उरलं माझं तोंड. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी बाजारात गेले. पाटावर बसले नाही, उभी राहिले. गुणवंती सौंदाळे साफ करत होती. मी पुस्तिका उघडली आणि चौदावं कलम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग अर्जांचं सांगितलं. मग भट्टीचं सांगितलं.

कमळेने जी शिवी दिली ती मी लिहू शकत नाही, पण वकिलांना ती चपखल बसत होती. एकीने आपल्या नवऱ्याचं नाव गठ्ठ्यात आहे का विचारलं, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. मला आठवत होती तेवढी नावं मी सांगितली. सहावं नाव सांगताना मी गुणवंतीकडे बघितलं.

तिने कोयता ओट्यावर ठेवला. हात पाण्यात बुडवून धुतले, पदराला पुसले. नवऱ्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

"बाई, ह्ये तुमी आदी वाचलं व्हतंत?"

"होय."

"कदी?"

"पहिल्याच दिवशी."

"न् त्या बुधवारी पानां उलटलीत ती?"

"मुद्दाम उलटली," मी म्हटलं. "मला भट्टी बंद झालेली बघायची होती, गुणवंती. जानूसाठी."

ती आवाज न चढवता बोलली, आणि मला वाटलं, चढवला असता तर बरं झालं असतं.

"जानू माजा भाव व्हता, बाई. त्याच्यासाटी काय द्यायचं न् काय नाय, ह्ये मी ठरवायचं व्हतं. कोण जाणे, ओटाबी दिला असता. पन मना इचारायला पायजे व्हतं."

मी खाली मान घातली. ज्या वकिलाने तिला न विचारता तिचा ओटा लिहून घेतला, त्याच्यावर मी आदल्या दिवशी आग पाखडली होती. तिला न विचारता तिचं मत मी दहा दिवस आधीच देऊन टाकलं होतं.

सोनूबाई आता उठून उभी राहिली. तिला त्या क्षणी माझ्याशी घेणंदेणं नव्हतं, तिला नारळाची काळजी होती. शब्द देवीसमोर गेला होता. दोघीतिघी म्हणाल्या, आता काय, दिला तो दिला, छत्रीला टाकायलाच हवं, देवीचा कोप कोण ओढवून घेणार. आणि त्या टाकणार होत्या. ओटे जातील हे कळूनसुद्धा त्या शब्दाला जागून छत्रीवर शिक्का मारणार होत्या. मला तो वकील हसताना दिसला.

"शबूद आयकलेल्या गोष्टीला दिलेला," सोनूबाई म्हणाली. "जां आयकलं नाय त्याला नाय. पन आपून बोलून भागत नाय. जिनं लपवलं तिनं आयेला सांगायला होवं."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी या गावात बाई होते. कलेक्टर कचेरीतले दोन कारकून माझे विद्यार्थी, बंदरावरचा होडी हाकणारा प्रत्येक तांडेल माझ्याकडून छडी खाल्लेला. मी कुणापुढे चूक कबूल केल्याचं मलाच आठवत नव्हतं. क्षणभर मनात आलं की देवीबिवी मी मानत नाही असं म्हणून घरी जावं. ते खरंही होतं.

मी घुमटीपाशी गेले. मागे साठ बायका आल्या, जाळी दुरुस्त करणारे चार पुरुषही हात थांबवून बघायला लागले. आनंदा त्यांच्यातच होता. मी पायरीवर चढून म्हटलं, "मी चौदावं कलम वाचलं नाही. मुद्दाम वाचलं नाही."

"मागच्यांना आयकायला आलं नाय," सोनूबाई म्हणाली.

मी परत म्हटलं, वर्गात म्हणायचे त्या आवाजात. आनंदाने जाळ्यात तोंड घातलं. सोनूबाईने जुना नारळ उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "आये, अर्दा आयकून दिलेला शबूद परत घेतो. राग आसंल तां तुज्या न् हिच्यातलां." त्या बोलण्यात माझ्यासाठी दयामाया काही नव्हती.

मग तिथूनच, पाट्या डोक्यावर तशाच ठेवून, बायका वकिलांच्या घरी निघाल्या. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नाही. ओटी बायकांनी भरून गेली, मग अंगण भरलं. पाट्यांतून बर्फाचं पाणी त्या सारवलेल्या जमिनीवर टपटपत होतं. वकील बाहेर आले, नाकाशी उपरणं धरलं, कायद्यातलं काहीतरी बोलायला लागले.

"अर्ज वाचा," गुणवंती भागोजीला म्हणाली.

"कशाला गो, नावां बगून देतो की."

"नाय. वाचा. पयल्यापासून. सगला."

भागोजीने अडतीस अर्ज वाचले. प्रत्येक अर्ज, मायन्यापासून सहीपर्यंत. एकेक संपला की त्या त्या नावाची बाई पुढे होऊन त्याच्या हातातून कागद घ्यायची. दीड तास लागला. वकील दोनदा आत गेले, दोनदा बाहेर आले. साठ मतं गेली हे त्यांना कळलं होतं, आणि गुणवंतीने दारोदार जाऊन मिळवलेली मतं ती त्याच पायांनी परत घेईल हेही. गुणवंतीने आपला कागद घडी करून कमरेला खोचला. घरी जाऊन ती आनंदाला काय म्हणाली ते मला माहीत नाही. पुढचे आठ दिवस त्याची बर्फाची लादी वेळेच्या आधी येत होती एवढं बाजाराने पाहिलं.

छत्रीचं डिपॉझिट गेलं. रावजीशेठ भेटले तेव्हा म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं?" एकतीस मार्कांचा पक्ष निवडून आला, आणि भट्टी चालूच राहिली. भट्टीविरुद्ध मी आठवा अर्ज केला. त्यालाही तेच उत्तर आलं. माझा संताप अजून गेलेला नाही आणि जाऊही नये असं मला वाटतं.

महिन्याभराने होड्यांच्या डिझेलबद्दल कसलंसं सरकारी पत्रक आलं. मी सवयीने साडेदहाला बाजारात गेले तर गुणवंती ओट्यावर उभी राहून स्वतःच वाचत होती. अडखळत, जोडाक्षरांशी झटत, एक ओळ दोनदा. 'अनुज्ञप्ती', म्हणजे परवाना, या शब्दाशी तर ती पार अडली. मी कडेला उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही, कुणीच बघितलं नाही. अक्षर अक्षर जुळवून तिने तो शब्द काढला आणि पुढे गेली. वाचून झाल्यावर बायका आपापल्या ओट्यांवर परतल्या, तेव्हा मी पिशवी पुढे केली आणि चार बांगडे मागितले. इतकी वर्षं मी पिशवी पुढे करायचे आणि दुसरीकडे बोलत राहायचे. गुणवंती चांगले बघून आत टाकायची. त्या दिवशी तिने एक बांगडा उचलला, अंगठ्याने कल्ला उघडला आणि आतलं ताजेपणाचं लाल माझ्या डोळ्यांसमोर धरलं, एसटीतून उतरलेल्या परक्या गिऱ्हाइकासमोर धरतात तसं.

"बगून घ्या, बाई," ती म्हणाली.

मी चारही बांगडे एकेक करून बघितले.